ज्यूकबॉक्सचे स्पीकर बदलायचेत? मग आधी वॅट बघणं सोडा

वाशीला माझ्या मामेभावाकडे एक अमेरिकन ज्यूकबॉक्स आहे, म्हणजे नाणं टाकून रेकॉर्ड वाजवणारं मशीन, ६० च्या दशकातला, ट्यूबवाल्या (काचेच्या व्हॉल्व्हच्या) अॅम्प्लिफायरचा. मामाने एक इराणी हॉटेल बंद होताना तिथून उचलून आणलेला. मशीन चालू आहे, रेकॉर्ड उचलली जाते, सुई बरोबर बसते, पण आवाज असा यायचा की कोणीतरी तोंडावर रुमाल धरून गातंय, आणि व्हॉल्यूम जरा वाढवला की खरखर सुरू. मी नौपाड्यात राहतो, दिवाळीनंतर चार रविवार ठाण्याहून ट्रान्सहार्बरने वाशीला जाऊन ते काम पूर्ण केलं, आणि आता ते मशीन जे वाजतंय ना, ते ऐकून मामी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसली. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण या मशीनमध्ये चुकीचे स्पीकर बसवलेले बघितले की जीव तुटतो.

सगळ्यात आधी सेफ्टी, आणि हे वाचून पुढे पळू नका. ट्यूब अॅम्पमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरसुद्धा ते कपॅसिटरमध्ये साठून राहतं. प्लग काढा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने मोठ्या फिल्टर कपॅसिटरच्या प्लस आणि चॅसिस (अॅम्पचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये थोडा वेळ लावून ठेवा आणि मल्टिमीटरने व्होल्टेज १० च्या खाली आलंय हे डोळ्यांनी बघा. एक हात खिशात ठेवायची सवय लावा, शॉक बसलाच तर एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ नये म्हणून. मशीन अमेरिकन असेल तर ते बहुतेक ११७ व्होल्टचं असतं, मग व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, अमेरिकेत ६० हर्ट्झ आणि आपल्याकडे ५० हर्ट्झ, त्यामुळे मोटरची पुली बदललेली नसेल तर रेकॉर्ड हळू फिरते आणि गाणं जड आणि रडवेलं वाटतं, लोक तो दोष स्पीकरला देतात आणि बिचारा स्पीकर चांगला असतो.

आता स्पीकर खरंच गेलाय का हे कसं ओळखायचं. मागचं झाकण काढा, वायर कुठली कुठे आहे त्याचे मोबाईलवर भरपूर फोटो काढा, वायरींना मास्किंग टेपचे तुकडे लावून नंबर घाला. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर (स्पीकरचा पुढचा कागदी पडदा) सगळीकडे सारखी टेकवून अगदी हळू आत दाबा आणि सोडा. आवाज यायला नको. कुरकुर, घासल्यासारखं काही ऐकू आलं तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनला मागून जोडलेलं तारेचं वेटोळं, घासतेय, एकतर कॉइल वाकडी झालीय नाहीतर मॅग्नेटच्या फटीत गंज धरलाय, आणि वाशीला खाडीच्या हवेत गंज धरला तर त्यात नवल काही नाही. मग एक वायर सोडवून मल्टिमीटर लावा आणि ओहम (विजेला होणारा अडथळा) मोजा, ८ ओहमचा स्पीकर डीसीवर साधारण ६ ते ७ दाखवतो, १६ ओहमचा १० ते १३ च्या आसपास. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलीय.

थोडं थांबा, तुमच्या मशीनच्या स्पीकरला दोनच्या ऐवजी चार वायर आहेत का बघा. खूप जुन्या मशीनमध्ये, म्हणजे ४० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच मशीनमध्ये, कायमचं मॅग्नेट नसून फील्ड कॉइल, म्हणजे वीज दिल्यावर मॅग्नेट होणारी कॉइल असते, आणि ती नुसती मॅग्नेटचं काम करत नाही, ती पॉवर सप्लायमध्ये चोकचं, म्हणजे वीज गाळून गुणगुण कमी करायचं, पण काम करते. असा स्पीकर काढून सरळ नवीन लावला तर अॅम्पला हाय व्होल्टेजच मिळणार नाही. तिथे आधी चोक आणि फील्ड कॉइलच्या रेझिस्टन्सएवढा रेझिस्टर लावावा लागतो, समजा १००० ओहम आणि ८० मिलिअँपिअर, तर ६.४ वॅट उष्णता निघते, म्हणून रेझिस्टर १५ ते २० वॅटचा घ्यायचा, म्हणजे तो जळणार नाही. खरं सांगायचं तर माझं मत असं की कोन चांगला असेल आणि फक्त फील्ड कॉइल तुटली असेल तर मोटर नाहीतर ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून ती गुंडाळून घ्या, मूळ स्पीकर वाचतो.

मूळ स्पीकर वाचवणं हा माझा पहिला आग्रह, कोन नुसता फाटला असेल तर बदलायची गरजच नाही. फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून पातळ करा, टी-बॅगच्या कागदाचा तुकडा फाटलेल्या जागेपेक्षा बोटभर मोठा कापून मागून लावा, वाळल्यावर पुढून पण एक. जाड लावू नका, कोन जड झाला की आवाज मेला. मी वाशीच्या मशीनवर दोन इंचाची चीर अशीच जोडली. कोनच्या कडेचा फोम कुजून हातात भुगा होत असेल (नंतरच्या, ७० च्या पुढच्या मशीनमध्ये हे जास्त दिसतं, ५० च्या दशकातले कागदी आणि कापडी कडेचे स्पीकर टिकतात) तर फोमची रिंग वेगळी मिळते. ती लावताना डस्ट कॅप (कोनच्या मधली गोल टोपी) ब्लेडने कापून काढायची, आतल्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या बारीक पट्ट्या चारी बाजूंनी सरकवायच्या म्हणजे कॉइल बरोबर मध्यभागी राहते, मग रिंग चिकटवून एक पूर्ण दिवस ठेवून द्यायचं आणि पट्ट्या काढून नवीन डस्ट कॅप लावायची. फटीत कचरा असेल तर मास्किंग टेप दुमडून, चिकट बाजू बाहेर ठेवून, फिरवून काढा, फुंकर मारू नका, कचरा आणखी आत जातो.

कॉइल जळाली असेल तर ती आणि कोन बदलून देणाऱ्या कारागिराकडे न्या, पण गणपतीच्या आधी नाही, तेव्हा सगळे मंडळांच्या आणि डीजेच्या स्पीकरमध्ये बुडालेले असतात. आणि स्पष्ट सांगायचं, हलका कागदी कोन हवा, कॉइलचा व्यास आणि ओहम जुन्यासारखेच हवेत. कारण तसं नाही सांगितलं तर ते चांगल्या मनाने जाडजूड डीजेचा कोन बसवून देतात, वॅट वाढले म्हणून, आणि आपला स्पीकर कायमचा बाद होतो.

इथूनच मुद्दा येतो नवीन स्पीकरचा. आमच्या मशीनमध्ये आधी एका रिपेअरवाल्याने कारचा वूफर बसवला होता, त्यावर मोठ्या अक्षरात ३०० वॅट लिहिलेलं, आणि मामा खूश. पण बघा, अॅम्प आहे २०-२५ वॅटचा. जुन्या ज्यूकबॉक्सचे बरेच स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ९५ डीबीच्या वर आवाज देतात, कारचा वूफर ८५-८८ देतो. १० डीबीचा फरक म्हणजे तेवढाच आवाज मिळायला दहापट पॉवर लागते, आणि ती आपल्या ट्यूबकडे नाही. वर ज्यूकबॉक्सचं खोकं मागे झाकण असलं तरी हवाबंद नसतं, उघड्यासारखंच असतं, कारचे बरेच वूफर बंद पेटीसाठी बनवलेले, उघड्या खोक्यात त्यांचा बास उडून जातो. म्हणून दुकानात गेलात की वॅट विचारू नका, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅटवर किती डीबी आवाज देतो, ते विचारा, ९५ च्या खाली असेल तर हात लावू नका. पीएवाले (सभा-कार्यक्रमाच्या लाउडस्पीकरचे) १२ इंची युनिट चालतात, नाहीतर सेलेस्टियन किंवा जेन्सनसारखे गिटार अॅम्पचे स्पीकर, ते उघड्या खोक्यातही चांगले वाजतात, पण साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर ते उतरतात म्हणून मशीनमधला वरच्या, बारीक आवाजाचा हॉर्न नाहीतर ट्वीटर चालू असायला हवा. मी मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो, ठाण्याहून दादर, मग वेस्टर्नने ग्रँट रोड, आणि चार दुकानं फिरून एकात शेवटी स्पेसिफिकेशनचा कागद दाखवला तेव्हाच पैसे दिले.

ओहम मात्र जुळलाच पाहिजे. दोन १६ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की ८, दोन ८ चे ओळीने जोडले की १६. मूळ जोडणी काय होती त्याचा फोटो आहेच, तेवढाच आकडा अॅम्पला दिसायला हवा. आणि ट्यूब अॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (अॅम्पमधून स्पीकरकडे आवाज पोचवणारा) जळू शकतो आणि तो मिळणं सगळ्यात कठीण.

जुना काढताना आणि नवा बसवताना कोनवर जाड पुठ्ठा धरा. मॅग्नेट स्क्रू-ड्रायव्हरला असा ओढून घेतं की हात वळायच्या आत कोन फाटलेला असतो. गंजलेले नट असतील तर गंज काढायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, पिळू नका, जुन्या प्लायवूडचा तुकडाच निघतो. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि फार जोर नको, फ्रेम वाकली की कॉइल परत घासायला लागते.

दोन स्पीकर असतील तर पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस बरोबर आहेत का, बघा. १.५ व्होल्टचा सेल घ्या, प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर लावा, कोन पुढे आला पाहिजे. दोन्हींचे कोन एकाच दिशेला आले पाहिजेत, एक पुढे आणि दुसरा मागे गेला तर बास गायब होतो आणि माणूस अॅम्प उघडत बसतो. ट्वीटरच्या वायरमध्ये जुना नॉनपोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर असतो, तो सुकलेला असण्याची शक्यता खूप, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावा, आमच्याकडे एवढ्यानेच वरचा आवाज एकदम मोकळा झाला.

पहिला तासभर हळू आवाजात वाजवा, आवाज पोट भरून आला की मग वाढवा. पावसाळ्यात आठवड्यातून अर्धा तास मशीन चालू ठेवा, ट्यूबच्या उष्णतेने आतली दमट हवा निघून जाते, आणि खाडीजवळ राहत असाल तर आतल्या कोपऱ्यात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, फक्त ट्यूबपासून लांब. काढलेला जुना स्पीकर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, मशीनचं मॉडेल आणि वायरींचे नंबर कागदावर लिहून, तो कागदही त्या पिशवीतच ठेवा, कारण पुढे कोणी मूळ स्वरूपात आणायचं म्हटलं तर तोच लागतो. आठवड्याने सगळे नट हाताने एकदा बघून घ्या, एखादा तरी ढिला झालेला असतो, आमचा डावीकडचा वरचा झाला होता.