ही म्हणजे तो, दे म्हणजे ते: इंग्रजी सर्वनामांच्या या चुका टाळा

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं (पहिलीपासून ते आलं 2000 साली), आणि पहिल्याच आठवड्यात सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा: ‘ही म्हणजे तो, शी म्हणजे ती, दे म्हणजे ते.’ विचित्रच प्रकार. ‘ही’ म्हटलं की मराठी कानाला बाई दिसते, ‘दे’ म्हटलं की हात पुढे होतो, ‘आय’ म्हणजे आई, आणि ‘शी’बद्दल न बोललेलंच बरं. त्यात सगळ्यात फसवा शब्द ‘मी’. मराठीत तो कर्ता. इंग्रजीत त्याच उच्चाराचा अर्थ ‘मला’. लहान पोर ‘मी गो होम’ म्हणतं तेव्हा ते चुकत नसतं, अर्धं वाक्य मराठीत बोलत असतं.

पोरं मोठी होतात, नोकरीला लागतात, आणि तेच अर्धं मराठी जरा चांगले कपडे घालून ऑफिसच्या मेलमध्ये येतं. मी संध्याकाळी नोकरदारांना इंग्रजी शिकवते, लोकांची पत्रं तपासून देते. सर्वनामाची चूक दिसली की तिच्याखालचं मराठी वाक्य शोधायचं, ही माझी पद्धत. ते वाक्य बहुतेक वेळा अगदी शुद्ध असतं.

सर म्हणाले की मी येणार नाही

माझा एक विद्यार्थी एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात आहे. सरांना दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला जमणार नव्हतं, म्हणून त्याने चेन्नईच्या गिऱ्हाइकाला कळवलं: ‘सर सेड दॅट आय कॅननॉट कम टुमारो.’ तिकडून लगेच उत्तर आलं की हरकत नाही, तुम्ही नाही आलात तरी चालेल, सर आले म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ अकरा वाजल्यापासून सरांची वाट बघत बसला.

आता मराठी वाक्य बघा: ‘सर म्हणाले की मी उद्या येऊ शकत नाही.’ यात कुणाचाही गोंधळ होत नाही. आपला ‘की’ हा उदार शब्द आहे. त्याच्यापुढे समोरच्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. ‘की’नंतरचा ‘मी’ सरांचा. इंग्रजी ‘दॅट’ तसा नाही. त्याच्यानंतर येणारा ‘आय’ हा नेहमी लिहिणाऱ्याचा, दुसऱ्या कुणाचाही नाही. म्हणून इथे ‘सर सेड दॅट ही कुड नॉट कम टुमारो’ असंच लिहायला हवं. किंवा सरळ अवतरण चिन्हं टाका आणि सरांना त्यांच्या तोंडाने बोलू द्या. मग ‘दॅट’ गाळायचा.

हाच घोळ निरोपातही होतो. ‘त्याने मला सांगितलं की तू फाइल घेऊन ये’ याचं ‘ही टोल्ड मी दॅट यू ब्रिंग द फाइल’ झालं की वाचणाऱ्याला वाटतं, फाइल आपल्यालाच आणायची आहे. ‘ही टोल्ड मी टु ब्रिंग द फाइल’ म्हटलं की ‘यू’चा प्रश्नच मिटतो. मेल पाठवायच्या आधी एकच करा: ‘दॅट’नंतरच्या प्रत्येक ‘आय’ आणि ‘यू’वर बोट ठेवा आणि विचारा, हा कोण? ‘आय’चं उत्तर ‘लिहिणारा’ आणि ‘यू’चं उत्तर ‘वाचणारा’ असं आलं नाही तर सर्वनाम बदला. इतक्या साध्या चुकीने सगळ्यात जास्त नुकसान होतं, तरी शाळेत ती ‘इनडायरेक्ट स्पीच’ नावाच्या पाच मार्कांच्या प्रश्नात कोंडलेली असते.

बाबा ‘दे’ नसतात

‘माय फादर इज अ फार्मर. दे गेट अप ॲट फाइव्ह.’ वाचणारा विचार करतो, हे बाकीचे कोण उठले? आपल्याला मात्र बाबांना ‘ही’ म्हणणं जिवावर येतं, कारण आत कुठेतरी ‘तो’ ऐकू येतो. बाबांना ‘तो उठतो’ कसं म्हणायचं?

इंग्रजीत सर्वनामाने मान देता येत नाही. राणीलासुद्धा ‘शी’च. मान द्यायचा तो ‘सर’, ‘मॅडम’, ‘डॉक्टर’ अशा शब्दांनी किंवा एकूण बोलण्याच्या सुरातून. पण कधी काळी तिथेही आपल्यासारखीच सोय होती. एकट्याला ‘दाउ’, अनेकांना ‘यू’. मग मोठ्या माणसाला आदराने अनेकवचनी ‘यू’ म्हणायची रीत पडली, ती हळूहळू सगळ्यांनाच लागू झाली आणि ‘दाउ’ प्रार्थनेत, जुन्या कवितेत आणि काही बोलींत उरला. थोडक्यात, इंग्रजीने ‘तू’ टाकून दिला आणि सगळ्यांना अहो-जाहो सुरू केलं. कुत्र्यालाही. हे एकदा लक्षात आलं की ‘यू’ म्हणताना संकोच वाटत नाही. ‘ही’बद्दलचा जायला जरा वेळ लागतो.

उलट दिशेचा एक प्रश्न ‘आपण’चा. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत. इंग्रजीत दोन्ही ‘वी’. ‘वी विल पे फॉर द ट्रान्स्पोर्ट’ असं लिहिलं तर भाडं आम्ही देऊ की तुम्ही-आम्ही मिळून, हे कळत नाही. पैशाची गोष्ट असेल तिथे ‘वी’च्या जागी कंपनीचं नाव घाला, किंवा ‘यू अँड वी टुगेदर’ असं फोड करून लिहा.

मायसेल्फ अमुक तमुक

मुलाखतीत ‘मायसेल्फ’ने सुरुवात केली की पुढचं कितीही चांगलं असलं तरी ऐकणारा मनातल्या मनात एक खूण करतो. ‘स्वतःची ओळख करून द्या’ या सूचनेतला ‘स्वतः’ आपण उत्तरात आणून बसवतो. ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’, बस.

‘मायसेल्फ’ला वाक्यात आधी ‘आय’ लागतो. काम मीच केलं: ‘आय डिड इट मायसेल्फ.’ मला लागलं: ‘आय हर्ट मायसेल्फ.’ ‘आय’ नसेल तर ‘मायसेल्फ’ही नको. म्हणून ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ चूक, ‘प्लीज कॉन्टॅक्ट मी’ बरोबर. लोकांना ‘मी’ तोकडा वाटतो, ‘मायसेल्फ’ भारदस्त. आणि गंमत अशी की जिथे तो खरंच लागतो तिथे नेमका गाळतात. सहलीहून आल्यावर सगळे सांगतात, ‘आय एन्जॉइड अ लॉट.’ भारतात हे इतकं रुळलंय की कुणी हटकत नाही, पण परीक्षेत आणि परदेशी माणसापुढे ‘एन्जॉय’ला कर्म द्या: ‘आय एन्जॉइड मायसेल्फ’ किंवा ‘आय एन्जॉइड द ट्रिप’.

सोबतच्याला बाजूला काढा

‘मी आणि नेहा’ हा क्रम मराठीत बिनधास्त चालतो. इंग्रजीत आधी नेहा, मग आपण: ‘नेहा अँड आय वेंट टु द बँक.’ हे शिकवणारे शिक्षक इतकं ठासून शिकवतात की मुलं ‘नेहा अँड आय’ हा एक अखंड शब्द समजतात आणि कुठेही चिकटवतात. ‘मॅडम कॉल्ड नेहा अँड आय.’ चूक आहे, पण ऐकायला सुशिक्षित वाटते, म्हणून टिकते.

नेहाला क्षणभर बाजूला काढा. ‘मॅडम कॉल्ड आय’ म्हणाल का? नाही. ‘मॅडम कॉल्ड मी’. मग नेहा परत आली तरी ‘मॅडम कॉल्ड नेहा अँड मी’च. मराठीची कसोटीही इथे चोख चालते: ‘मला’, ‘माझ्याशी’, ‘माझ्यासाठी’, ‘माझ्याकडून’ असं काही येत असेल तर इंग्रजीत ‘मी’. ‘बिट्वीन यू अँड आय’ हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. ते ‘बिट्वीन यू अँड मी’ हवं, कारण ‘बिट्वीन’, ‘विथ’, ‘फॉर’, ‘टु’ यांच्यानंतर कर्माचं रूप येतं: मी, हिम, हर, अस, देम.

मराठीची कसोटी एका ठिकाणी मात्र उलटते, तेवढी सांभाळा. ‘मला भूक लागली’, ‘मला आवडतं’, ‘मला वाटतं’ यांत मराठीला ‘मला’ लागतो, इंग्रजीला ‘आय’.

‘टॉलर दॅन आय’ की ‘टॉलर दॅन मी’ यावर लोक भांडतात. बोलताना दुसरं, जुन्या वळणाच्या परीक्षेत पहिलं. त्यापेक्षा ‘टॉलर दॅन आय ॲम’ म्हणा आणि मोकळे व्हा.

तिचा नवरा ‘हिज’ होतो तेव्हा

‘माय सिस्टर अँड हिज हजबंड.’ ही चूक खरं तर मराठी माणसाने करायला नको. हिंदीत ‘उसका’ म्हटलं की मालक पुरुष की बाई हे कळतच नाही. मराठीत ‘त्याचा’ आणि ‘तिचा’ वेगळे आहेत. म्हणजे इंग्रजीला लागते ती माहिती आपल्याकडे आयती असते. पण आपण शेवटाकडे बघतो. ‘तिचा नवरा’, ‘तिची सासू’, ‘तिचं घर’ यात ‘चा-ची-चं’ वस्तूप्रमाणे बदलतात, आणि नवरा पुल्लिंगी म्हणून घाईत ‘हिज’ निसटतो. नियम सोपा: इंग्रजी फक्त ‘ति’ आणि ‘त्या’ बघतं, पुढचं ‘चा-ची-चं’ बघतच नाही. बहिणीचं सगळं ‘हर’, मग तो नवरा असो नाहीतर ट्रॅक्टर.

याच जागी मराठीची एक श्रीमंती इंग्रजीत हरवते. ‘प्रियाने स्वातीला आपली वही दिली’ म्हणजे वही प्रियाची. ‘तिची वही दिली’ म्हणजे बहुधा स्वातीची. ‘प्रिया गेव्ह स्वाती हर नोटबुक’मध्ये दोन्ही अर्थ. तेव्हा ‘हर ओन’ घाला किंवा सरळ नाव परत लिहा. नाव दोनदा आलं तर काही बिघडत नाही.

निर्जीव वस्तूंचं लिंग इंग्रजीत नेऊ नका हे सांगायची गरज वाटू नये, पण बस ‘शी’ झालेली मी पाहिली आहे. जहाजाला मात्र इंग्रजीत ‘शी’ म्हणायची जुनी रीत होती. जहाजांच्या बातम्या देणाऱ्या ‘लॉइड्स लिस्ट’ने ती 2002 मध्ये सोडली.

न दिसणारं ‘इट’ आणि जास्तीचं ‘ही’

‘पुस्तक वाचलंस का?’ ‘हो, वाचलं. आवडलं.’ मराठीत क्रियापदाच्या शेपटीतच सगळं आलं. इंग्रजीत ‘येस, आय रेड, आय लाइक्ड’ म्हणालात तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो. ‘आय रेड इट. आय लाइक्ड इट.’ तसंच ‘इज रेनिंग’, ‘इज टू हॉट’ ही वाक्यं बिनडोक्याची. पाऊस, ऊन, वेळ, अंतर यांच्यापुढे ‘इट’ उभं करावंच लागतं, त्याला अर्थ असो वा नसो.

याच्या बरोबर उलट, जो-तो. ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ’ या आपल्या जोडीतला ‘तो’ इंग्रजीत गेला की ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर’ होतं. ‘हू’ आला की त्याच मुलासाठी पुन्हा ‘ही’ नको.

‘हू’ आणि ‘हूम’चं एका ओळीत: उत्तर ‘हिम’ येत असेल तर ‘हूम’, दोघांच्या शेवटी म. बोलताना सगळीकडे ‘हू’ चालतं.

एव्हरीवन आणि कायदा

‘एव्हरीवन शुड ब्रिंग’ पुढे काय? ‘हिज’, ‘हिज ऑर हर’ की ‘देअर’? जुन्या व्याकरणाचं उत्तर ‘हिज’. 1860 च्या भारतीय दंड संहितेत तर आठवं कलमच होतं: ‘ही’ हे सर्वनाम पुरुष वा स्त्री, कोणासाठीही वापरलं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ‘ही’ तसाच ठेवला, फक्त त्यात ट्रान्सजेंडर व्यक्तींचाही उल्लेख केला. कायद्याबाहेर मात्र वारं ‘दे’कडे वळलंय. एका अनोळखी माणसासाठी ‘दे’ ही काही नवी टूम नाही, इंग्रजीत ती चौदाव्या शतकापासून आहे. मेरियम-वेबस्टर कोशाने 2019 चा शब्द म्हणून ‘दे’चीच निवड केली. माझा सल्ला: मेलमध्ये बेधडक ‘देअर’ लिहा, परीक्षेत पाठ्यपुस्तक सांगेल ते लिहा. मात्र बाबांचा ‘दे’ यात बसत नाही. ते कोण आहेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

राहिला ‘इट्स’. उच्चार एकच, लिहायच्या तऱ्हा दोन. वरचा स्वल्पविराम असेल तर ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. नसेल तर ‘त्याचं’. वाक्यात ‘इट इज’ घालून बघा, बसलं तर चिन्ह द्या. ‘युवर्स’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ यांना ते चिन्ह कधीच नाही. इंग्रजांनाही ‘त्याचं’ या अर्थाच्या ‘इट्स’चा सराव तसा उशिराच झाला. 1611 च्या बायबलमध्ये मिठाची चव गेली तर, हे सांगताना मिठाची ती चव ‘हिज’ आहे, ‘इट्स’ नाही.

कारखान्यातल्या त्या विद्यार्थ्याने परवा नवा मेल दाखवला. ‘सर सेड दॅट ही वुड कम ॲट फोर.’ मी खूश. त्याखाली, सहीच्या वर, आणखी एक ओळ होती: ‘मायसेल्फ विल ऑल्सो कम.’