व्हाइट वाइन वाढताना: इंदूरच्या हॉटेलांत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

इंदूरच्या मराठी घरांतून हॉटेल व्यवसायात येणाऱ्या बहुतेक मुलामुलींची वाइनशी पहिली ओळख पाठ्यपुस्तकातच होते. मुलाखतीत ती द्राक्षांच्या जाती घडाघडा म्हणून दाखवतात; पण शार्डने ही व्हाइट वाइन किती थंड असावी, असे विचारले की गडबडतात. मी रेस्तराँच्या सेवा विभागात काम करतो आणि माझ्या अनुभवात व्हाइट वाइनबद्दल पाहुण्यांची जी गाऱ्हाणी येतात, त्यांतील बरीचशी वाइनची नसून तापमानाची असतात. म्हणून नवशिक्याने आधी थंडावा समजून घ्यावा आणि नावे पुढे सवडीने पाठ करावीत, असे माझे मत आहे.

द्राक्षाचा रंग सालीत असतो आणि बहुतेक जातींचा गर रंगहीन असतो. साली बाजूला काढून नुसता रस आंबवला, तर काळ्या द्राक्षांचीही व्हाइट वाइन होते. शँपेनमध्ये वापरले जाणारे पिनो न्वार हे काळेच द्राक्ष आहे. साली रसात राहत नसल्यामुळे रेड वाइनमध्ये जाणवणारा तुरटपणा येथे फारसा नसतो आणि वाइनचा सारा तोल आंबटपणावर उभा राहतो. थंडाव्यात हा आंबटपणा ताजा व रेखीव लागतो. वाइन कोमट झाली की तीच चव सैल पडते आणि अल्कोहोल नाकात चढते. मात्र अतिथंड वाइनचा गंध दबून जातो. सोव्हिन्याँ ब्लाँ किंवा शेनिन ब्लाँसारख्या हलक्या वाइन ७ ते १० अंश सेल्सिअसला, ओकच्या पिंपात मुरलेली भारदस्त शार्डने १० ते १३ अंशांना आणि स्पार्कलिंग म्हणजे फसफसणारी वाइन ६ ते ८ अंशांच्या आसपास वाढावी, हा हिशेब यातूनच आला आहे. घरगुती फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो. त्यामुळे त्यातून काढलेली शार्डने थोडा वेळ बाहेर ठेवून मगच ओतावी.

मे महिन्यात बाहेर चाळीस अंशांच्या वर पारा असताना, वातानुकूलित दालनातही पेल्यातली वाइन पाहता पाहता तापते. म्हणून पेला एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये आणि बाटली लगेच बकेटमध्ये परत ठेवावी. बकेटमध्ये नुसता बर्फ भरण्याची चूक सर्रास दिसते. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटलीला थंडावा पोचत नाही. निम्मे पाणी व निम्मा बर्फ घातला, तर सामान्य तापमानाची बाटली वीस ते तीस मिनिटांत वाढण्याजोगी होते. बाहेर काढल्यावर ती रुमालाने पुसावी, नाहीतर थेंब थेट पाहुण्याच्या कपड्यांवर पडतात.

बाटली उघडण्यापूर्वी यजमानाला लेबल दाखवावे आणि नाव व साल मोठ्याने सांगावे. फॉइल बाटलीच्या ओठाच्या खालच्या कडेला कापावे, स्क्रूचे टोक बुचाच्या मधोमध रोवावे आणि बूच शेवटी हाताने, आवाज न करता काढावे. यजमानाला चाखायला दिलेला घोट वाइन आवडली का हे विचारण्यासाठी नसतो. ती बिघडलेली नाही ना, एवढेच त्यातून तपासायचे असते. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर बूच दूषित आहे असे समजून वाद न घालता बाटली बदलावी. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले, तर मात्र घाबरू नये. ते वाइनमधल्याच टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे निरुपद्रवी स्फटिक असतात आणि पाहुण्याला तसे शांतपणे सांगता यावे.

येथील बऱ्याच वाइन-यादीत नाशिकच्या वाइन असतात. तिथल्या सुला या कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली आणि सोव्हिन्याँ ब्लाँ व शेनिन ब्लाँ ही नावे आपल्याकडे रुळली. तिकडे द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चदरम्यान होते. उन्हात तापलेल्या फळाचा ताजेपणा लवकर जातो, म्हणून ती बहुधा पहाटे तोडतात. या साध्या व्हाइट वाइन ताज्याच चांगल्या लागतात. तेव्हा लेबलवरचे साल पाहूनच माल लावावा आणि जुनी बाटली मागे राहू देऊ नये.

जेवणाच्या जोडीबाबत परदेशी तक्त्यांवर फार विसंबू नये. हिवाळ्यातल्या तळलेल्या गराडूवर (हा एक कंद) लिंबू आणि जीरावन हा इंदुरी मसाला पडला की सोव्हिन्याँ ब्लाँची आंबट धार त्याच्याशी छान जुळते. दुधात शिजलेल्या भुट्ट्याच्या किसाला मात्र शार्डनेचा लोण्यासारखा पोत अधिक साजतो. तिखट रश्शाबरोबर किंचित गोडसर शेनिन द्यावी, कारण अल्कोहोल जास्त असलेली कोरडी वाइन तिखटाची आग वाढवते.

प्रमाणपत्र घ्यायचे असेल, तर डब्ल्यूएसईटी या वाइन-शिक्षण देणाऱ्या ब्रिटिश संस्थेचा पहिला स्तर पुरे. त्याची परीक्षा ३० बहुपर्यायी प्रश्नांची असते. चाखलेली वाइन थुंकून टाकणे हा या शिक्षणाचा रीतसर भाग आहे, त्यात संकोच बाळगू नये. मध्य प्रदेशात मद्यपानाचे किमान वय २१ आहे. तोवर नाक तयार करावे. सकाळी चोइथराम मंडीत जाऊन पेरू, कैरी, हिरवी ढोबळी मिरची आणि लिंबाची साल यांचे वास डोळे मिटून ओळखण्याचा सराव केला, तर सोव्हिन्याँ ब्लाँची अर्धी ओळख तेथेच होते.