वायरलेस थर्मोस्टॅट: भिंतीला छिद्र पाडण्याआधी
थर्मोस्टॅट म्हणजे खोलीचं तापमान मोजून घर तापवणारा बॉयलर चालू-बंद करणारं उपकरण. तारा नाहीत म्हणून ते कुठेही ठेवून चालत नाही. थर्मोस्टॅट फक्त स्वतःभोवतीच्या हवेचं तापमान मोजतो. जवळ ऊन, दिवा किंवा टीव्ही असेल, तर खोली गार असतानाच तो बॉयलर बंद करतो. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण १.५ मीटरवर जागा निवडा. आधी रिसीव्हरशी (बॉयलरला जोडलेला, सिग्नल घेणारा भाग) जोडणी करा आणि त्याच जागेवरून बॉयलर चालू-बंद होतो का, ते पाहा. जाड भिंती, धातूची कपाटं सिग्नल अडवतात. म्हणून ही चाचणी मात्र टाळू नकाच.

वेळापत्रकात बॉयलर सुरू होण्यासाठी उठण्याच्या अर्धा तास आधीची वेळ द्या. लवकर ऊब यावी म्हणून २० ऐवजी २८ अंश लावू नका. खोली सहसा लवकर तापत नाही, बॉयलर जास्त वेळ चालतो इतकंच. बॅटरी थंडीआधीच बदला.