कधी चालू, कधी बंद: जुन्या गाडीतला लपणारा वायरिंगचा दोष

आयटीआय करून कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एखाद्या गॅरेजात ऑटो इलेक्ट्रिकचं काम शिकायला लागलात की पावसाळ्यात हे गिऱ्हाईक हमखास येतं: ‘गाडी मधेच बंद पडते, जरा थांबलं की परत चालू होते. आत्ता मात्र ठीक आहे.’ अशा वेळी आधी पाना नाही, वही घ्यायची. इंजिन तापल्यावर बंद पडते की थंड असताना? खड्ड्यात आदळल्यावर? गगनबावड्याच्या पावसातून आल्यावर? बंद पडताना डॅशबोर्डही विझतो का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. सगळंच गेलं तर बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडी-इंजिनाशी जोडणी) किंवा इग्निशन स्विच बघा. डॅशबोर्डचे दिवे राहिले आणि नुसतं इंजिन गेलं, तर इंजेक्शनच्या गाडीत मेन रिले (रिले म्हणजे छोट्या करंटवर चालणारा मोठ्या करंटचा स्विच), इंधन पंपाचा रिले आणि क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा) बघा.

बॅटरी लगेच तपासून होते. बंद गाडीत साधारण 12.6 व्होल्ट, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4, सेल्फ मारताना 9.6 च्या खाली नको.

नवी पोरं अडकतात ती अर्थिंगवर. मल्टिमीटर बीपवर लावतात, बीप वाजला की ‘अर्थ चांगला आहे’ म्हणून मोकळे होतात. मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो; वायरचे दहा धागे तुटून एकच उरला असला तरी बीप वाजणारच. गंजलेल्या जोडात 0.1 ओहम रेझिस्टन्स असेल तर तो साध्या मीटरवर दिसतही नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच तेवढा असतो. पण दोन्ही हेडलाइटचे मिळून 9 अँपिअर त्यातून गेले की 0.9 व्होल्ट तिथेच मरतात. म्हणून लाइट चालू ठेवून मोजा: मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन बल्बच्या अर्थ वायरला. 0.2 पर्यंत चालेल, त्यापुढे गेलं की बोल्ट खोला. पत्र्यावरचा गंज आणि रंग चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून आवळा, वरून पेट्रोलियम जेली. इंजिन ते बॉडी जाणारी अर्थची पट्टीही अशीच तपासा, पण सेल्फ मारताना.

मग हलवाहलवी. इंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा वीतभर वीतभर हलवत जायचं. दुसऱ्याने मीटरवर नजर ठेवायची, मिन-मॅक्स (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवायची सोय) असेल तर उत्तम. पंखा आणि बेल्टपासून हात लांब. दाराच्या बिजागरीजवळ आणि डिकीच्या रबरी नळीत वायर आतून तुटते, वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. दोन्हीकडून हलकेच ओढा. तुटलेल्या जागी ती रबरासारखी लांबते. ऊसपट्ट्यातली गाडी असेल तर उंदरांनी कुरतडलेलं बघायला विसरू नका. कपलरमध्ये (वायरींच्या प्लगमध्ये) जाड पिन खुपसून तपासणं बंद करा, आतलं टर्मिनल फाकतं आणि नवाच दोष तयार होतो.

तापल्यावरच बंद पडणाऱ्या गाडीत रिलेचं झाकण काढून पिनांभोवतीचं सोल्डर भिंगाने बघा. बारीक गोल चीर दिसली की समजा. गरम झाल्यावर ती उघडते, थंड झाल्यावर टेकते. खात्रीसाठी हेअर ड्रायरने बेताने तापवा.

बाहेरून बसवलेला सेंट्रल लॉक, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टीम यांचे जोड आधी उघडा. नुसतं पिळून टेप मारलेला जोड म्हणजे निम्मं निदान झालं. फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा बसवू नका, वायर जळेल. त्याच्या जागी 21 वॅटचा बल्ब लावा आणि त्या सर्किटवरचे लोड काढून वायरिंग हलवा; शॉर्ट लागला की बल्ब भगभगीत पेटतो. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या वायरींवर मात्र बल्ब लावायचा नाही, तिथे मीटरच.

एवढं करूनही दोष दिसत नसेल तर अंदाजाने पार्ट बदलून गिऱ्हाइकाचे पैसे घालवू नका. पंपाच्या सप्लायवरून 1 अँपिअरच्या फ्यूजमधून 5 वॅटचा बल्ब डॅशबोर्डवर आणा आणि गाडी वापरायला द्या. इंजिन थांबलं की इग्निशन चालू असूनही पंपाचा सप्लाय काही सेकंदांत तुटतो, त्यामुळे बल्ब गाडी बंद पडण्याआधी विझला की नंतर, एवढंच बघून सांगायला सांगा. आधी विझला तर रिले आणि त्याची वायरिंग. पेटलेला असतानाच धक्के खाऊन बंद पडली तर पंप आणि त्याचा अर्थ.