आजीचा ‘अंदाज’ वहीत कसा उतरवायचा

घरचा एखादा पदार्थ आणि त्याला चिकटलेली शाळेची आठवण एकत्र लिहायला बसलं की बहुतेक विद्यार्थी आठवणीपासून सुरुवात करतात. दोन पानांत ‘आजीच्या हाताची चव’ तीनदा येते आणि मीठ किती घातलं ते कुठेच येत नाही. क्रम उलटा ठेवा. आधी पदार्थ तोलून-मापून वहीत घ्या. आठवण त्याच्या मागून येते आणि मग ती मोघम राहत नाही.

सामान थोडंच लागतं: १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, ५ आणि १५ मिलीचे मापाचे चमचे, एक जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. शाईचं पेन नको, ओल्या हाताने पान पुसलं जातं. फोन आवाज टिपायला. तो ओट्यावर शेगडीशेजारी ठेवू नका, कुकरची शिट्टी आणि फोडणीचा आवाज सगळं खाऊन टाकतात. खांद्याच्या उंचीच्या फळीवर ठेवा आणि फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग तुटणार नाही.

एकच पदार्थ तीनदा होऊ द्या, तिन्ही वेळा तुमचं काम वेगळं.

पहिल्यांदा फक्त बघा. काटा काढू नका. मोजणारं माणूस समोर उभं राहिलं की करणाऱ्याचा हात आखडतो; रोज सहज पडणारं मीठ त्या दिवशी कमी पडतं. ‘किती’ हा प्रश्न विचारलात तर उत्तर ठरलेलं आहे: ‘अंदाजाने.’ त्यात आजीची चूक नाही, तिच्याकडे तो आकडा नाहीच. तिच्याकडे खुणा आहेत, त्या विचारा. ‘आजी, आत्ता गॅस बारीक का केलास?’ ‘झालं हे तुला कशावरून कळलं?’ ‘पाणी जास्त पडलं असतं तर काय केलं असतंस?’ यावर ‘कडेने तेल सुटलं की’, ‘कच्चा वास गेला की’, ‘पळी जड लागायला लागली की’ अशी उत्तरं येतात. ती तिच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘सुपारीएवढी चिंच’ हे ‘१० ग्रॅम चिंच’ करून मूळ शब्द खोडून टाकू नका. दोन्ही शेजारी-शेजारी राहू देत.

दुसऱ्यांदा मोजा, पण हाताखाली वाटी धरून नव्हे. सोपी युक्ती अशी: स्वयंपाकाआधी प्रत्येक डबा आणि तेलाची बरणी काट्यावर ठेवून वजन लिहा, स्वयंपाक झाल्यावर पुन्हा लिहा. वजाबाकी म्हणजे पदार्थात गेलेलं प्रमाण. आजीला थांबावं लागत नाही. हळद, हिंग, मोहरी यांना ही रीत चालत नाही, कारण पाव चमचा हळद १ ग्रॅमच्याही आत असते आणि काट्याला ती दिसत नाही. त्यासाठी तिच्याकडून तशाच दहा चिमटी कागदावर घ्या, एकदम तोला आणि दहाने भागा. चिमूट तिचीच हवी. दोन बोटांची आणि तीन बोटांची चिमूट यांत बराच फरक पडतो.

वाटीचं माप घरागणिक वेगळं असतं. ज्या वाटीने रोज तांदूळ घेतात तीच रिकामी काट्यावर ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. ती १५० मिलीची निघाली की २०० ची हे पहिल्या पानावर लिहून ठेवा. ‘चमचा’ म्हटलं की पोहे खायचा, चहाचा की मिसळणाच्या डब्यातला, हेही विचारा. पीठ चाळून भरलं की दाबून, याचीही नोंद हवी. एकाच वाटीत वजन बरंच बदलतं.

पणजीची जुनी वही सापडली तर तिथे आणखी एक खोडा असतो. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचा पावशेर सुमारे २३३ ग्रॅम. आज भाजीवाला पावशेर म्हणतो तेव्हा तो २५० ग्रॅम देतो. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, त्यामुळे वहीवर साल असेल तर आधी ते बघा. धान्य मात्र मापानेही घेत: २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. या शेराचं वजन धान्यागणिक बदलतं, त्याला ९३३ लावू नका. अशा वहीची पानं लॅमिनेट करण्याचा मोह टाळा. उष्णतेने आणि गोंदाने जुना कागद कायमचा बिघडतो. खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा. तेलाचे डागही येऊ देत, कुठलं पान जास्त वापरलं गेलं ते त्यावरूनच कळतं.

तिसऱ्यांदा तुम्ही करा आणि आजीला स्टुलावर बसवा. तिने काही बोलायचं नाही असं ठरवा. ती बोलणारच. ती जिथे न राहवून ‘अगं, थांब’ म्हणते, नेमकी तीच पायरी तुमच्या वहीत राहिलेली असते.

मुंबईत शब्दांची भानगड वेगळीच. ‘एक वाटी खोबरं’ या तीन शब्दांत दोन खड्डे आहेत. कोकणातून आलेल्या घरात खोबरं म्हणजे ओला नारळ, देशावरच्या घरात बहुधा सुकं. आणि वाटी म्हणजे मापाची वाटी की नारळाचं कवड, म्हणजे अर्धा नारळ? चार माणसांच्या आमटीत या दोन वाट्यांनी सगळी चव फिरते. ‘दोन चमचे मसाला’ तसंच. मालवणी घरात मसाला म्हणजे मिरची, धणे आणि खडा मसाला भाजून, कुटून केलेला वर्षाचा मसाला; ब्राह्मणी घरात गोडा; तिखट म्हणजे नुसती मिरचीपूड. मसाला लालबागहून येत असेल तर तेही लिहा: एप्रिल-मेमध्ये मिरच्या घेऊन, कडक वाळवून, डंखावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) कुटून आणलेला. त्यात रंगाची बेडगी किती आणि तिखटाची लवंगी किंवा संकेश्वरी किती हे लिहिल्याशिवाय ‘दोन चमचे’ला अर्थ नाही. कोकम, आमसूल की सोलं, पोळी की चपाती, जो शब्द घरात आहे तोच ठेवा. प्रमाणभाषेच्या नादात ‘चपातीचा कुस्करा’ची ‘फोडणीची पोळी’ करू नका.

महिनाही लिहा. मुंबईच्या जुलैत मीठ, रवा, पोहे सगळं दमट होतं; मे महिन्यात बसलेलं पाण्याचं प्रमाण तेव्हा जास्त होतं.

नमुन्यासाठी शाळेच्या डब्यातला हाच चपातीचा कुस्करा घेऊ, कारण याची कृती कोणी लिहूनच ठेवत नाही. दोन डब्यांसाठी आदल्या रात्रीच्या ४ चपात्या (सुमारे १५० ग्रॅम), १ मध्यम कांदा, तेल २० मिली, मोहरी अर्धा चहाचा चमचा, हिंग दोन चिमटी, हळद पाव चमचा, २ हिरव्या मिरच्या, ७-८ कढीपत्त्याची पानं, मूठभर शेंगदाणे, साखर अर्धा चमचा, अर्ध्या लिंबाचा रस, कोथिंबीर. मीठ पाव चमच्यापासून सुरू करा, कारण कणकेत आधीच मीठ असतं. पुष्कळांचा कुस्करा इथेच खारट होतो.

चपात्या हाताने नखाएवढ्या तुकड्यांत मोडा. मिक्सर वापरलात तर दोनदा फिरवून थांबा, नाहीतर भुगा होतो आणि भुग्याचा पुढे लगदा. चपाती शिळीच हवी. ताज्या चपातीत ओल असते, तुकडे एकमेकांना चिकटतात. रात्रभरात ती घट्ट होते आणि तुकडे सुटे राहतात. तेलात आधी शेंगदाणे तळून बाजूला काढा. मग मोहरी पूर्ण तडतडू द्या, अर्धी तडतडलेली मोहरी कडू लागते. हिंग, मिरची, कढीपत्ता, कांदा. कांदा पारदर्शक झाला की हळद. ती आधी गरम तेलात टाकली तर क्षणात काळी पडते. चपातीचे तुकडे, मीठ, साखर घालून परता, पाण्याचा हबका मारा (१ मोठा चमचा, त्याहून जास्त नाही), झाकण ठेवून मंद आचेवर २ मिनिटं वाफ काढा. लिंबू आणि शेंगदाणे गॅस बंद केल्यावर. डब्यात भरण्याआधी ताटात पसरून १० मिनिटं निवू द्या. गरम भरलं तर वाफ झाकणाला लागून पाणी होतं आणि पदार्थावर पडतं.

आता शाळेचं पान. इथेही प्रश्न मोजके आणि ठोस ठेवा. सत्र सकाळचं की दुपारचं? मुंबईत हा फरक मोठा आहे: सकाळच्या मुलांचा डबा हीच न्याहारी असते, दुपारची मुलं घरून जेवून निघतात. डबा स्टीलचा की प्लॅस्टिकचा, झाकण कसं उघडायचं, आत दुसरी डबी होती का? छोट्या सुट्टीत खायचात की मोठ्या? वर्गाचा नकाशा काढा, बाकांवर नावं घाला, कोण कोणाच्या डब्यात हात घालायचं त्याचे बाण काढा. पंधरा मिनिटांत विसरलेल्या चार गोष्टी कागदावर येतात. डब्यात काय न्यायला बंदी होती हेही लिहा. जवळ्याची चटणी नेणाऱ्या मुलाला काय ऐकावं लागायचं, हे बहुतेक निबंधांत नसतं आणि असायला हवं.

आठवण कृतीच्या शेवटी वेगळी चिकटवू नका. जी पायरी चुकते तिथे ती जोडा. ‘डबा उघडताच घमघमाट सुटायचा’ हे वाक्य कोणाच्याही वहीत चालेल, म्हणून ते तुमचं नाही. ‘झाकणावरचे थेंब आधी इतिहासाच्या वहीवर पडायचे, मग कुस्कऱ्यावर’ यात निवू न दिलेला डबाही आहे आणि सकाळची घाईही. घाई झाली हे मग वेगळं सांगावं लागत नाही. कृती वर्तमानकाळात ठेवा, शाळा भूतकाळात. एकाच वाक्यात दोन्ही आले की वाचणारा अडखळतो. ‘अविस्मरणीय’, ‘सोनेरी दिवस’, ‘आजही जिभेवर रेंगाळणारी’ हे शब्द पहिल्याच फेरीत काढून टाका.

मित्रमैत्रिणींची नावं बदला. घरातलं भांडण, आजार, पैशाची ओढाताण असं काही लिहिलं असेल तर ज्यांचं आहे त्यांना आधी वाचून दाखवा. आई आणि आत्या एकाच पदार्थाचं वेगवेगळं सांगत असतील तर निवाडा करू नका, दोन्ही लिहा आणि कोणी काय सांगितलं ते लिहा.

टाइप करताना युनिकोडच वापरा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य अक्षरं दाखवते. छापील प्रतीत प्रत्येक पानाला उजवीकडे चार बोटं समास सोडा. आजी चष्मा लावून वाचेल तेव्हा दुरुस्त्या तिथेच येतील, आणि त्या तारखेसकट राहू द्या.