रोशा गवताचं बियाणं राखताना या चुका टाळा

रोशा हे सुगंधी गवत, त्यापासून तेल काढतात. या तेलाला भाव मिळतो तो जिरॅनिऑल या सुवासिक घटकामुळे. चांगल्या तेलात त्याचं प्रमाण ७५ ते ८५ टक्के, कधी त्याहूनही जास्त असतं आणि गुलाबाच्या जवळचा वास त्याचाच. एकेकाळी खानदेश-निमाडातलं हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या तेलात भेसळीसाठी वापरलं जायचं.

आता समजा, घरचं बी पेरलं, पीक जोमदार आलं, पण तेलाला गुलाबाऐवजी आल्या-टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प येतोय. दोष बहुतेक तेल काढायच्या भट्टीचा नसतो, मागच्या हंगामातल्या शेजाराचा असतो. रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला इतके सारखे की जाणकारही चकतो. गुलाबी वासाचं तेल मोतियाचं; सोफियात जिरॅनिऑल बरंच कमी, उग्र दर्प त्याचाच. पराग वाऱ्यावर जातो, त्यामुळे बांधावर सोफियाची चार ठोंबं फुलली तरी तुमच्या मोतियाचं बी संकरित होतं. त्या वर्षीचं तेल मात्र अगदी झकास निघतं, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. बिघाड कळतो पुढच्या पिकात.

उपाय एकच: तुरे बाहेर पडण्याआधी रानात फिरून पानं चोळून बघायची आणि उग्र वासाची ठोंबं मुळासकट काढायची, बांधावरचीसुद्धा. फुलोऱ्यानंतर काढणं म्हणजे वरातीमागून घोडं. हे काम घाईने उरकू नका. नाक लवकर थकतं आणि मग सगळंच गुलाबी वाटायला लागतं. थोडी ठोंबं हुंगली की मोकळ्या हवेत जा, संशय येईल त्याला चिंधी बांधा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बघा.

ठोंबांची तुलना करताना वय सारखं हवं. तुऱ्यात तेल जास्त असतं आणि फुलोऱ्यात जिरॅनिल ॲसिटेट या दुसऱ्या घटकाचं प्रमाणही बदलतं. एक ठोंब तुऱ्यावर, दुसरं नुसतं पाल्यावर, अशी निवड फसवी ठरते. शिवाय ७० टक्के की ८५, हे नाकाला सांगता येत नाही. निवडलेल्या ठोंबांचं थोडं थोडं तेल वेगळं काढून गॅस क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारी, तपासणी करून घ्या. खर्च आहे, पण तो निवडक ठोंबांपुरताच.

'माळावर लावलं की सोफियाचा मोतिया होतो' हे ऐकलं तर सोडून द्या. मोतिया कोरड्या उतारावर नि सोफिया ओलसर खोलगट जागी जास्त दिसतो, इतकंच. जमीन बदलून प्रकार बदलत नाही.

तेल नुसतं काळपट वा गढूळ असेल तर बियाण्याला बोल लावू नका. आधी भट्टीचा गंज आणि तेलात राहिलेलं पाणी बघा.

ताजं बी उगवलं नाही म्हणून फेकणारेही आहेत. त्याला काही महिने सुप्तावस्था असते. थांबा.

लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेचे तृष्णा, वैष्णवी, पीआरसी-१ असे वाण आहेत. पण रानटी रोशाच्या शेजारी वर्षानुवर्षं घरचंच बी धरलं तर तेही शुद्ध राहत नाहीत. एखादं ठोंब खरंच अव्वल निघालं तर बियाच्या भरवशावर न राहता ते फोडून लावा. रान भरायला वेळ लागतो, पण वाण तोच राहतो.