मस्टर वाचता येत असेल, तर आयोवाचा शिपाई लालबागेत बसून सापडतो

गेल्या वर्षीच्या आधीच्या उन्हाळ्यात मी लेकीकडे अमेरिकेत, आयोवा राज्यात, चार महिने होतो. संध्याकाळी पाय मोकळे करायला तिथे जागा एकच, गावाबाहेरची दफनभूमी. तिथल्या एका कोपऱ्यात पांढऱ्या दगडांची रांग होती. प्रत्येक दगडावर एक ढाल कोरलेली, ढालीत नाव आणि खाली ‘कं. के, १२ आयोवा इन्फ.’ असलं काहीतरी, म्हणजे बाराव्या आयोवा पायदळ पलटणीची ‘के’ कंपनी. तारीख कसलीच नाही. लेकीला विचारलं तर म्हणाली, “बाबा, सिव्हिल वॉरवाले. इथे प्रत्येक गावात असतात.” म्हणजे १८६१ ते ६५ चं अमेरिकेतलं उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्ध, आयोवा उत्तरेकडून. तिला ऑफिसची घाई होती. मला कसलीच नव्हती.

त्यातल्या एकाचा माग मी पुढे लालबागच्या खोलीत बसून काढला. त्याचं नाव सांगत नाही, त्याचे पणतू तिथे राहतात. पण माग कसा काढला ते सांगतो, कारण सोसायटीतल्या दोघातिघांनी विचारलं. एकाचा मुलगा ओहायोत आहे, एकीची भाची विस्कॉन्सिनला. रीत सगळीकडे तीच.

आधी माझं क्वालिफिकेशन. संप होईपर्यंत, म्हणजे जानेवारी १९८२ पर्यंत, मी गिरणीच्या टाइम ऑफिसात होतो. काम एकच, मस्टर भरणं. या अमेरिकन पलटणींच्या कागदांनाही ‘मस्टर रोल’च म्हणतात हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो. शिपाई भरती झाला की ‘मस्टर्ड इन’, सुटला की ‘मस्टर्ड आउट’. मग म्हटलं, हे आपल्याला जमेल.

दगडावरचं नाव सोडा, आधी पलटण धरा. नावाचा भरवसा नसतो. जर्मन, नॉर्वेजियन आडनावं इंग्रजी कारकुनाने कानाला आली तशी लिहिलीत. माझ्या माणसाचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं आहे. आमच्याकडे ‘भोसले’चं ‘भोसाळे’ झालं तर पगार अडायचा, तसंच. पलटणीचा नंबर मात्र सहसा चुकत नाही. एका पलटणीत, म्हणजे रेजिमेंटमध्ये, दहा कंपन्या, ए पासून के पर्यंत. अकरा अक्षरं होतात म्हणाल, तर ‘जे’ वगळलेलं असतं. हाताने लिहिताना आय आणि जे सारखे दिसतात म्हणून वगळलं, असं सांगतात. मी ‘जे’ शोधण्यात एक दुपार घालवली, तुम्ही घालवू नका.

कंपनी म्हणजे साधारण शंभर माणसं, आणि ती बहुतेक एकाच काउंटीतली, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारख्या भागातली. ही गोष्ट नीट डोक्यात घ्या, सगळी किल्ली इथे आहे. आमच्या साचाखात्यात एक जॉबर, म्हणजे मुकादम, होता, त्याच्या हाताखाली निम्मी माणसं त्याच्याच तालुक्याची. तिथेही तसंच. गावातला वजनदार माणूस पोरं गोळा करायचा आणि पुष्कळदा तोच कॅप्टन व्हायचा. त्यामुळे तुमच्या शिपायाचा कागद नाही मिळाला, तरी त्याच्या कंपनीतल्या बाकीच्यांचे वाचा. त्याचा शेजारी, मेहुणा, शाळेचा मास्तर तिथेच असतो.

आता प्रत्यक्ष बसा. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसची सैनिकांची यादी इंटरनेटवर फुकट आहे. तिथे नाव आणि राज्य टाकलं की पलटण, कंपनी, भरतीच्या वेळचा हुद्दा आणि सुटतानाचा हुद्दा मिळतो. बस, एवढंच. खरा माल राज्याच्या छापील रोस्टरमध्ये, म्हणजे सैनिकांच्या नामावलीत. आयोवाने १९०८ पासून सहा जाडजूड खंड छापले, ते स्कॅन करून ठेवलेत. एकेका माणसाला दोन-चार ओळी: वय, राहणार कुठला, जन्म कुठला, भरती कधी, आणि मग शेरा.

शेरा सगळ्यात शेवटी असतो म्हणून लोक उडत वाचतात. मस्टरवाला आधी शेरा वाचतो. माझ्या माणसाचा शेरा सांगतो: ‘६ एप्रिल १८६२, शायलो, टेनेसी येथे कैद.’ मी त्या पानावर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत गेलो. ६ एप्रिल, शायलो, कैद. पुन्हा ६ एप्रिल, शायलो, कैद. त्या दिवशी संध्याकाळी बारावी, आठवी आणि चौदावी आयोवा दक्षिणेच्या फौजेकडून वेढली गेली आणि जवळपास सगळ्यांनी शस्त्रं खाली ठेवली. तोवर त्यांनी ती जागा कित्येक तास धरली होती. पुढे काही नावांपुढे ‘मृत्यू, मेकन, जॉर्जिया’. कैदेत, आजाराने. एका पानात अख्खा गाव डोळ्यांपुढून गेला.

काही शब्द फसवतात. ‘व्हेटरन’ म्हणजे म्हातारा शिपाई नव्हे. पहिली मुदत संपत आल्यावर १८६३-६४ मध्ये ज्याने पुन्हा सही केली तो व्हेटरन. माझा माणूस कैदेतून सुटून परत आला आणि त्यानेही सही केली. का केली, हे कुठल्याच कागदावर नाही. ‘डिस्चार्ज्ड’ हे बहुधा आजारपणाने किंवा जखमेने आधीच घरी गेलेल्याचं. ‘मस्टर्ड आउट’ सगळ्या पलटणीबरोबर सुटलेल्याचं. बारावी आयोवा सुटली जानेवारी १८६६ मध्ये. युद्ध संपून नऊ महिने झाले होते. ‘सब्स्टिट्यूट’ म्हणजे चक्क बदली. १८६३ च्या कायद्याने लष्करभरतीची सक्ती आली, तेव्हा नंबर लागलेल्याला दुसरा माणूस उभा करता यायचा, आणि १८६४ च्या जुलैपर्यंत ३०० डॉलर भरूनही सुटता यायचं. साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिना १३ डॉलर, म्हणजे बघा.

आणि ‘डेझर्टेड’, पळून गेला. या शेऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. हॉस्पिटलात पडलेल्याची खबर कंपनीला पोचली नाही की कारकून हाच शेरा मारायचा, आणि पुढे कधीतरी तो खोडायचे. मी स्वतः एका बदलीवाल्याला अकरा दिवस गैरहजर लावलं होतं. तो टीबीने खाटेवर होता. त्याची बायको चिठ्ठी घेऊन गेटवर आली तेव्हा हप्ता निघून गेला होता.

आयोवा टाकलं की सगळेच सापडतील असंही नाही. तिथल्या काळ्या सैनिकांची पलटण १८६३ मध्ये कीओकक गावी उभी राहिली, पुढच्या वर्षी तिचं नाव बदलून ‘६० वी युनायटेड स्टेट्स कलर्ड इन्फंट्री’ झालं. त्यांना त्या नावाखाली शोधावं लागतं. उलट सदतिसावी आयोवा सहज मिळते, आणि माझी ती लाडकी. पंचेचाळीसच्या पुढच्या बाप्यांची पलटण, ‘ग्रेबिअर्ड्स’. एक शिपाई तर ८० वर्षांचा. कामं पहाऱ्याची, कैद्यांच्या छावण्या आणि गाड्या राखायची. आमच्या कट्ट्याची सगळी बॅच तिथे भरती झाली असती.

शिपाई मिळाला की घराकडे वळा. राज्याची वस्ती १८६० मध्ये पावणेसात लाख. त्यातून सुमारे ७६,००० माणसं लढायला गेली आणि १३,००० च्या आसपास मेली, गोळीपेक्षा जास्त जुलाबाने नि तापाने. मग नांगर कोणी धरला? १८६० आणि १८७० ची जनगणना शेजारी-शेजारी उघडा. एकाच घराची दोन पानं. पहिल्यात नवरा, बायको, तीन मुलं. दुसऱ्यात घरमालक म्हणून बाईचं नाव, किंवा अख्खं घरच गायब. कीओककच्या ॲनी विटनमायर बाईंचं नाव जुन्या वर्तमानपत्रांत शोधा. त्यांनी लष्करी हॉस्पिटलांत आजाऱ्यांसाठी वेगळी स्वयंपाकघरं काढली, सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी आश्रम काढायला लावला. सगळं राज्य एका बाजूने होतं असंही समजू नका. ऑगस्ट १८६३ मध्ये साउथ इंग्लिश नावाच्या गावात युद्धाच्या विरोधातला टॅली नावाचा पुढारी गोळी लागून मेला आणि गव्हर्नर कर्कवुडना पलटण पाठवावी लागली.

(तेव्हा आपली मुंबई काय करत होती, हे कोणीतरी विचारतंच. दक्षिणेचा कापूस अडला, आपला सोन्याच्या भावाने गेला, पैसा शेअरांत आणि बॅकबेच्या भरावात ओतला. युद्ध संपलं आणि १ जुलै १८६५ ला सगळं कोसळलं. तो विषय वेगळा.)

शेवटचा कागद पेन्शनची फाइल. ती वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये असते. नाव, पलटण, कंपनी देऊन प्रत मागवायची, पैसे मोजायचे, वाट पाहायची. माझ्यासाठी लेकीने मागवली. गिरणी कामगारांच्या घराच्या अर्जासाठी ज्यांनी जुनं तिकीट, पगाराची स्लिप, हजेरीकार्ड धुंडाळलंय, त्यांना ही फाइल वेगळी समजावून सांगायला नको. विधवेला लग्न सिद्ध करावं लागायचं. दाखला नसेल तर काही जणींनी घरच्या बायबलचं वंशावळीचं पानच फाडून पाठवलं, ती पानं अजून फायलींत आहेत.

फाइल मोबाइलवर वाचू नका, अक्षर दिसत नाही. मी नाक्यावर झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून घेतली, तो म्हणाला, “काका, कोर्टाचं काय?” भिंग घेऊन बसलो. माझ्या माणसाने अर्जात लिहिलंय की कैदेपासून पोट कधी धरलंच नाही, दुपारनंतर शेतात उभं राहवत नाही. खाली दोन शेजाऱ्यांच्या साक्षी. एकाची सही वळणदार. दुसऱ्याला लिहिता येत नव्हतं, त्याने फुली मारलीय आणि फुलीच्या दोन्ही बाजूंना कारकुनाने त्याचं नाव लिहिलंय. ते नाव ओळखीचं वाटलं म्हणून रोस्टर पुन्हा काढला. कंपनी के. ६ एप्रिल, शायलो, कैद.

आता त्याची फाइल मागवायला लेकीला सांगितलंय.